वाऱ्यातील दूर पल्ल्याची एअरगन नेमबाजी आणि स्लगचा सराव : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

महाराष्ट्रात एअरगन नेमबाजीचा विचार प्रामुख्याने १० मीटरच्या स्पर्धाप्रकाराशी निगडित राहिला आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी कैरो येथे ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील वयाच्या अठराव्या वर्षी १० मीटर एअर रायफलचे जगज्जेते ठरले, तेव्हा या परिसरातील अनेक घरांत एअर रायफलची चर्चा प्रथमच झाली असेल. परंतु १० मीटरचा हा खेळ बंदिस्त दालनात खेळला जातो. तेथे श्वास, पवित्रा, चाप आणि मन यांची परीक्षा होते, वाऱ्याची नव्हे. वाऱ्याशी खरी गाठ पडते ती ५० मीटर रायफलच्या उघड्या मैदानावर. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे मिळविलेले विश्वविजेतेपद आणि स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पटकावलेले कांस्यपदक ही ५० मीटरची यशे होत. मात्र ती दारूच्या काडतुसावर चालणाऱ्या रायफलची आहेत.

या दोहोंच्या मधोमध एक तिसरा प्रकार अलीकडच्या काळात रूढ होत आहे. आधीच उच्च दाबाखाली भरलेल्या हवेवर चालणारी, पीसीपी या नावाने ओळखली जाणारी एअर रायफल घेऊन ५०, ७५ अथवा १०० मीटर अंतरावरील लक्ष्याचा वेध घेणे, हा तो प्रकार. अमेरिकेतील ॲरिझोना व यूटा या राज्यांत १०० यार्डांवर अशा स्पर्धा भरतात. पीसीपी रायफल आता आपल्याकडेही तयार होतात. खोल छिद्रे पाडणाऱ्या यंत्रांच्या निर्मितीतून या क्षेत्राकडे वळलेली प्रिसिहोल ही संस्था तर ठाणे जिल्ह्यातीलच. साहजिकच येथील हौशी नेमबाजांमध्ये 'स्लग' या नव्या प्रक्षेप्याविषयी कुतूहल निर्माण झाले आहे. स्लग वाऱ्याला दाद देत नाही, अशी एक समजूत या कुतूहलाच्या मुळाशी आढळते. ही समजूत कितपत खरी आहे, आणि जेथे शंभर मीटरची मोकळी व सुरक्षित जागा मिळणे दुरापास्त आहे त्या ठाणे व कल्याण-डोंबिवलीसारख्या शहरांतील नेमबाजाने सराव कसा करावा, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

छर्रा आणि स्लग

एअरगनचा परंपरागत छर्रा हा कमरेशी बारीक व मागे पोकळ घेर असलेला असतो. बॅडमिंटनचे फूल ज्या कारणाने नेहमी डोके पुढे करून उडते, त्याच कारणाने छर्राही सरळ राहतो. मागील घेरावर हवेचा रोध पडतो आणि तो त्याला मार्गावर धरून ठेवतो. म्हणजे छऱ्याचे स्थैर्य हे हवेच्या रोधातूनच आलेले असते. याची किंमत अर्थातच वेगाने मोजावी लागते.

स्लग हा लहानशा गोळीसारखा, दंडगोल अंगाचा असतो. त्याला घेर नाही, कंबर नाही. तो हवेला कमी अडतो. परंतु सरळ राहण्यासाठी त्याला सर्वस्वी स्वतःच्या फिरकीवर अवलंबून राहावे लागते. ही फिरकी नळीतील आट्यांच्या पिळाने मिळते. छऱ्यांसाठी बनविलेल्या नळीत पीळ बहुधा मंद असतो व त्यातून सुटलेला लांब स्लग डगमगू लागतो. शिवाय छऱ्याचा पातळ घेर नळीच्या मापाशी जुळवून घेतो, स्लग तसे करीत नाही. शतांश मिलिमीटरचा फरकही त्याच्या अचूकतेवर परिणाम करतो. त्यामुळे 'माझ्या रायफलला स्लग चालतो काय' या प्रश्नाचे उत्तर डब्यावरील मजकुरात सापडत नाही. ते निवाऱ्याच्या जागी, शांत हवेत, कागदी लक्ष्यावरच शोधावे लागते.

येथे कायद्याची चौकट ध्यानी घेणे अगत्याचे आहे, कारण पुढील सर्व गणित तिच्यावर बेतले आहे. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ज्या हवाई शस्त्राच्या नळीचा व्यास ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा अधिक, किंवा ज्याची नळीच्या तोंडाशी असणारी ऊर्जा २० जूलपेक्षा अधिक असेल, त्यास परवाना आवश्यक ठरतो. परदेशी चित्रफितींमधून स्लगची जी करामत दिसते ती बव्हंशी याहून मोठ्या व्यासाच्या आणि कितीतरी अधिक ऊर्जेच्या रायफलची असते. विनापरवाना रायफल वापरणाऱ्या आपल्या सामान्य नेमबाजाने ती फुटपट्टी स्वतःला लावू नये.

विलंबकाळाचे गणित

वारा प्रक्षेप्याला 'ढकलतो' आणि हवेत जितका वेळ अधिक तितका तो अधिक ढकलला जातो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे विधान ऐकावयास रास्त वाटते; परंतु ते अपुरे आहे. एकोणिसाव्या शतकात दिदियाँ या फ्रेंच तोफशास्त्रज्ञाच्या नावाने प्रसिद्ध झालेले सूत्र निराळेच सांगते. आडव्या वाऱ्याने होणारे विचलन हे एकूण उड्डाणकाळावर नव्हे, तर विलंबकाळावर अवलंबून असते. हवा नसती तर प्रक्षेप्य जितक्या वेळात लक्ष्यापाशी पोहोचले असते, त्यापेक्षा हवेमुळे जितका अधिक वेळ लागला तो विलंबकाळ होय. त्याला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणिले की विचलन मिळते. ज्या प्रक्षेप्याचा वेग वाटेत मुळीच घटत नाही, ते कितीही सावकाश गेले तरी वाऱ्याने विचलित होणार नाही.

उदाहरणादाखल २० जूलच्या मर्यादेतील ४.५ मिलिमीटर रायफल घेऊ. ०.६७ ग्रॅमचा जड छर्रा तीतून सेकंदाला सुमारे २४४ मीटर वेगाने सुटेल, तर ०.८४ ग्रॅमचा स्लग सुमारे २१८ मीटर वेगाने. एअरगनच्या गणितात वापरला जाणारा बॅलिस्टिक कोएफिशंट छऱ्यासाठी ०.०३ व स्लगसाठी ०.०५ धरू, प्रत्यक्षात हे आकडे नळी व बनावटीनुसार थोडेफार बदलतात. आता १०० मीटरवर छर्रा ०.५१९ सेकंदांत पोहोचतो आणि स्लग ०.५२७ सेकंदांत. स्लग उशिरा पोहोचतो, हे लक्षात घ्यावे. परंतु हवेविना छऱ्यास ०.४१० व स्लगला ०.४५९ सेकंद लागले असते. म्हणजे छऱ्याचा विलंबकाळ ०.११० आणि स्लगचा अवघा ०.०६९ सेकंद. सेकंदाला ३ मीटर वेगाचा वारा, म्हणजे चेहऱ्याला जाणवणारा व पिंपळाची पाने सळसळविणारा साधा वारा, थेट आडवा असता छर्रा ३३ सेंटिमीटर बाजूला जातो आणि स्लग सुमारे २१ सेंटिमीटर.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. स्लगचा लाभ खरा आहे, आणि तो वेगामुळे नसून वेग टिकवून धरण्यामुळे आहे. परंतु त्याचबरोबर २१ सेंटिमीटर हे विचलन काही थोडे नव्हे. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, हे आठवले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळते. स्लग घेतल्याने वारा वाचण्याचे कौशल्य अनावश्यक होत नाही. केवळ चुकीचा आकार तिसऱ्या हिश्श्याने लहान होतो.

आता या गणिताचा आपल्या परिसराच्या दृष्टीने सर्वाधिक उपयोगी भाग पाहू. नेमबाज दुर्बिणीतून नेम बाजूला धरतो तेव्हा तो सेंटिमीटर नव्हे, कोन मोजत असतो. वरील जड छऱ्याचे ५० मीटरवरील विचलन त्याच वाऱ्यात ७.६ सेंटिमीटर येते; कोनाच्या भाषेत सुमारे दीड मिलिरेडियन. स्लगला इतकाच कोन धरावा लागतो तो ७५ मीटरवर. ०.५५ ग्रॅमचा हलका छर्रा घेतला, ज्याचा कोएफिशंट ०.०२२ व वेग सुमारे २७० मीटर आहे, तर ५० मीटरवरच तो ९.६ सेंटिमीटर हलतो. स्लगला तेवढ्या कोनाची गरज पडते ती जवळजवळ ९४ मीटरवर. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, शंभर मीटरवर स्लगने वाऱ्याचा जो अभ्यास करावयाचा तो पन्नास मीटरवर हलक्या, स्वस्त छऱ्याने बहुतांशी करता येतो. लांब मैदान नाही म्हणून सराव होत नाही, ही तक्रार त्यामुळे बरीचशी निराधार ठरते.

'बहुतांशी' हा शब्द जाणीवपूर्वक वापरला आहे. शंभर मीटरच्या वाटेत वारा दोन-तीन ठिकाणी वेगवेगळा असू शकतो. पन्नास मीटरमध्ये तो गुंता कमी असतो. तेवढा भाग प्रत्यक्ष लांब पल्ल्यावरच शिकावा लागेल.

जागेचा प्रश्न

२०११ च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या अठरा लाखांहून अधिक, तर कल्याण-डोंबिवलीची बारा लाखांहून अधिक होती. त्यानंतर घोडबंदर रस्ता आणि कल्याण-शीळ रस्त्यालगत उभ्या राहिलेल्या वसाहती पाहता मोकळी जागा किती उरली हे वेगळे सांगावयास नको. इमारतीच्या गच्चीवर वा गॅलरीत स्लग चालविणे हा सराव नसून गुन्हा ठरू शकतो. दुसऱ्याच्या जीवितास धोका पोहोचविणारे बेदरकार कृत्य भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली शिक्षेस पात्र आहे. वरील उदाहरणातील छऱ्याकडे १०० मीटरवर सुमारे ८ जूल ऊर्जा उरते, स्लगकडे साडेअकरा. ज्या गुणामुळे स्लग वाऱ्यात टिकतो त्याच गुणामुळे तो चुकल्यावर अधिक दूर आणि अधिक जोराने जातो. कठीण पृष्ठभागावरून उसळण्याची भीतीही त्याच्या बाबतीत अधिक असते.

मग डोंगर जवळ आहेत, तेथे जावे, असे कित्येकांना वाटते. येऊरचा डोंगर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि ठाण्याच्या खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अशा क्षेत्रात परवानगीविना शस्त्रासह प्रवेश करण्यास मनाई आहे, आणि त्या कायद्यातील शस्त्राची व्याख्या प्राण्याला इजा करू शकणाऱ्या कोणत्याही साधनाला कवेत घेण्याइतकी व्यापक आहे. 'आम्ही पक्षी मारीत नव्हतो, डबे टिपत होतो' हा बचाव तेथे फारसा उपयोगी पडण्यासारखा नाही.

टिटवाळा, मुरबाड, शहापूर या बाजूंस कापणीनंतर भातखाचरे ओसाड दिसतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हा ओसाडपणा फसवा असतो. बांधाआडून गवताचा भारा घेऊन बाई येते, गुराखी येतो, वाडीवरची मुले शाळेची जवळची वाट म्हणून खाचरातूनच चालतात. जागामालकाची संमती, लक्ष्यामागे उंच व मऊ मातीचा उभा बांध, आणि बाजूने येणाऱ्याकडे लक्ष ठेवणारा सोबती, या तिन्ही गोष्टी असल्याखेरीज तेथे बंदूक उघडू नये. सर्वांत इष्ट मार्ग म्हणजे मान्यताप्राप्त मैदान. रायफल-पिस्तूलचे ऑलिंपिक प्रकार १०, २५ व ५० मीटरचे असल्याने मैदानेही त्याच मापांची असतात. पुण्यातील बालेवाडी क्रीडासंकुलात ५० मीटरची सोय आहे. तेथे एअर रायफल कोणत्या अटींवर चालविता येते हे आधी विचारून घ्यावे. वरील गणितानुसार हे पन्नास मीटर पुरेसे आहेत.

येथील वारे

भूगोलाच्या शालेय पुस्तकातील खारे वारे आणि मतलई वारे ही या परिसरातील नेमबाजाची रोजची सामग्री आहे. हिवाळ्यात पहाटेपासून सकाळपर्यंत जमिनीकडून, म्हणजे पूर्व अथवा ईशान्येकडून, मंद मतलई वारा वाहतो. जमीन तापू लागली की तो पडतो आणि काही काळ हवा निश्चल होते. त्यानंतर पश्चिम वा वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि दुपारी जोर धरतो. किनाऱ्यापासून जसजसे आत जावे तसतसा तो उशिरा पोहोचतो. म्हणून कल्याणकडे सकाळचा शांत अवधी ठाण्यापेक्षा काहीसा लांबतो.

दिशा कळली म्हणजे वारा कळला असे मात्र नव्हे. ठाणे शहर येऊरच्या डोंगररांगेच्या पूर्वेस वसले आहे. पश्चिमेचा वारा ही रांग ओलांडून खाली येतो तेव्हा तो एकसंध राहत नाही; त्यात भोवरे पडतात, झुळूक येते, थांबते, क्वचित उलटही फिरते. घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतींच्या कोपऱ्यांवर वेग वाढतो आणि त्यांच्या आडोशाला एकाएकी पडतो. त्यामानाने उल्हास नदीच्या खोऱ्यातील कल्याणच्या बाजूचा वारा पुष्कळ अंशी सलग असतो, जरी दक्षिणेकडे मलंगगडाची रांग त्याला वळविते. अशा तुटक वाऱ्यात सरासरी वेग जाणून उपयोग होत नाही. गोळी सुटण्याच्या क्षणी वारा कोणत्या अवस्थेत आहे तेच जाणावे लागते.

वाऱ्याचा कोनही मोजावा लागतो. गोळीच्या मार्गाशी काटकोनात येणारा वारा पूर्ण धरला, तर ४५ अंशांतून येणारा सुमारे सात दशांश आणि ३० अंशांतून येणारा निम्मा धरावा. समोरून किंवा पाठीमागून येणारा वारा निरुपद्रवी वाटतो, पण तो किंचित दिशा बदलताच उजवे-डावे असे दोन्हीकडे विचलन करतो. अनुभवी नेमबाज त्यालाच अधिक बिचकून असतात. वारा वाटेत कोठे आहे यालाही महत्त्व आहे. नळीजवळ मिळालेला तिरकसपणा उरलेल्या सर्व अंतरभर वाढत जातो, त्यामुळे पहिल्या अर्ध्या वाटेतील वाऱ्याचा वाटा एकूण विचलनात सुमारे तीन चतुर्थांश असतो. आंतरराष्ट्रीय नियमांत ५० मीटर मैदानावर वाऱ्याची निशाणे १० व ३० मीटरवर लावण्याची तरतूद आहे, ती या दृष्टीने अर्थपूर्ण वाटते. नवशिका मात्र लक्ष्यापाशी हलणाऱ्या झाडाकडेच पाहत राहतो.

उन्हाळ्यात दुर्बिणीतून दिसणारे मृगजळ हे आणखी एक निशाण होय. त्याच्या लाटा उजवीकडे वाहू लागल्या तर वारा डावीकडून आहे. त्या सरळ वर उकळत असतील तर आडवा वारा नाही, निदान त्या घटकेला नाही.

सरावाची पद्धती

प्रारंभ मतलई वाऱ्याच्या पडत्या वेळी, निश्चल हवेत करावा. टेबलावर आधार देऊन ५० मीटरवर पाच-पाच बारांचे गट घ्यावेत आणि रायफलची स्वतःची फैल किती हे निश्चित करावे. ही मोजणी नसेल तर पुढे चुकलेला प्रत्येक बार वाऱ्याच्या माथी मारला जातो. आडवी फैल वाऱ्याची आणि उभी फैल बहुधा वेगातील चढउताराची असते, हा ठोकताळा उपयोगी पडतो. वरील स्लगचा वेग एक टक्क्याने घटला तर १०० मीटरवर तो सुमारे अडीच सेंटिमीटर खाली लागेल. तेव्हा टाकीतील दाब व रेग्युलेटरकडे लक्ष द्यावे. यास एक अपवाद आहे. उजव्या पिळाच्या नळीतून सुटलेला स्लग उजवीकडच्या वाऱ्यात डावीकडे जाताना किंचित वर आणि डावीकडच्या वाऱ्यात उजवीकडे जाताना किंचित खाली लागतो. गट घड्याळातील दहा ते चार या तिरप्या रेषेत पसरला असेल तर रायफलीला दोष देण्याचे कारण नाही.

त्यानंतर खाऱ्या वाऱ्याच्या वेळी हलका छर्रा घ्यावा. १० व ३० मीटरवर पातळ कापडाच्या पट्ट्या काठीला बांधाव्यात. प्रत्येक बारासाठी कागदावर स्वतंत्र लक्ष्य असावे. चाप ओढण्यापूर्वी वाऱ्याची दिशा, अंदाजे वेग आणि छर्रा किती सेंटिमीटर कोणत्या बाजूला जाईल याचा अंदाज वहीत लिहावा, आणि नेम मध्यावरच धरून बार टाकावा. मग प्रत्यक्ष विचलन मोजून शेजारी लिहावे. नेम बाजूला न धरता आधी केवळ भाकीत करण्याची ही रीत कंटाळवाणी वाटेल. परंतु अंदाज आणि वस्तुस्थिती यांतील तफावत याच रीतीने उघडी पडते, कारण मनात केलेला अंदाज निकाल पाहिल्यावर नकळत बदलतो. भाकिते बऱ्यापैकी जुळू लागल्यावरच नेम बाजूला धरण्याच्या सरावाकडे वळावे.

ठाण्यासारख्या तुटक वाऱ्यात याहून निराळी युक्ती श्रेयस्कर ठरते. वाऱ्याची वारंवार परतणारी एक अवस्था निवडावी, रायफल तिच्यासाठीच जुळवावी आणि ती येईपर्यंत थांबावे. निशाण त्या कोनात आले की बार, अन्यथा नाही. कल्याणकडील सलग वाऱ्यात याउलट प्रत्येक बाराला नेम बदलत राहणे सोपे जाते. कोणती रीत केव्हा वापरावी हे त्या दिवसाच्या पहिल्या दहा मिनिटांत, एकही बार न टाकता, केवळ पट्ट्यांकडे पाहून ठरविता येते.

स्लग या क्रमात शेवटी येतो. त्याचा वेगळा झिरो, त्याच्या स्थैर्याची खात्री आणि दोन-तीन अंतरांवरील विचलनाची नोंद एवढ्यासाठी सुरक्षित लांब मैदानावरील महिन्यातील एखादा दिवस पुरतो. कागदावर छिद्र गोल न पडता लांबट पडत असेल तर स्लग डगमगत आहे असे समजावे व तो त्या नळीसाठी बाद करावा. छर्रा व स्लग शिशाचे असल्याने सरावानंतर हात साबणाने धुवावेत आणि वापरलेले शिसे मातीत सोडू नये. मागील बांधाऐवजी वाळूची पेटी वापरल्यास ते गोळा करणे सुकर होते.

जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्येचा जोरदार वारा व पाऊस यांमुळे उघड्यावरचा सराव बव्हंशी थांबतो. हे महिने दहा मीटरच्या बंदिस्त जागेत वेगमापक यंत्रावर प्रत्येक डब्यातील छऱ्यांचा व स्लगचा वेग तपासण्यात, त्यांचे वजन करून गट पाडण्यात आणि हिवाळ्यातील वही पुन्हा वाचण्यात घालविता येतात.